सांगलीला प्रयोग लागलाय

निर्मात्याच्या ऑफिसातून पुढच्या महिन्याच्या तारखा व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या की आम्ही नटमंडळी त्या आपापल्या परीने वाचतो. कुणी लागोपाठचे प्रयोग मोजतं, कुणी मालिकेच्या शूटिंगशी तारखा भिडतायत का ते बघतं. मी गावं बघते. नाशिक म्हणजे आत्या. नागपूर म्हणजे कॉलेजातली मैत्रीण. रत्नागिरीत नवऱ्याचे मामेभाऊ. आणि यादीत सांगली दिसली की सगळ्यात आधी मावशीला फोन : ‘अगं, सांगलीला प्रयोग लागलाय.’

नाटक शनिवार-रविवारी आणि सणासुदीच्या सुट्ट्यांना चालतं. लग्नं, मुंजी, बारशी, साठीशांतीही त्याच दिवशी असतात. लोक एकमेकांकडे जायला मोकळे होतात तेव्हा आम्ही मेकअपला बसलेलो असतो. आमच्या घरातल्या लग्नांच्या अल्बममध्ये मी जवळजवळ कुठेच नाही. पण ज्या बहिणींच्या लग्नांना मी नव्हते, त्यांतल्या बहुतेकींच्या सासरी स्वयंपाकघरात बसून मी जेवलेली आहे. त्यांच्या सासूबाईंशी गप्पा मारल्या आहेत, मुलांचे अभ्यास घेतले आहेत. दौऱ्यामुळे घर सुटतं असं लोक हळहळून म्हणतात. माझं जे काही गणगोत टिकलं आहे ते मात्र दौऱ्यांनीच टिकवलं, हे मला सांगायचं आहे.

दौऱ्याचा दिवस कसा असतो ते बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. मुंबईतला रात्रीचा प्रयोग संपला की सेट उतरतो आणि बसच्या मागच्या भागात चढतो. पुढच्या सीटांवर आम्ही. सांगलीला पोचेपर्यंत उजाडलेलं असतं. आम्ही लॉजवर उतरतो आणि बस थिएटरकडे जाते. रात्री साडेनऊचा प्रयोग असेल तर नटांना संध्याकाळपर्यंत वेळ असतो. त्या वेळात झोप काढायची, आंघोळ करायची, गळा सांभाळायचा आणि माणसं भेटायची.

मावशी गावभागात राहते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी तिच्या घरात शिरलं होतं. ते कुठवर आलं होतं त्याची रेघ तिने भिंतीवर तशीच ठेवली आहे. दरवर्षी रंग देताना तेवढी रेघ सोडायला लावते. मी गेले की ती आधी मला झोपवते. माजघराचा दरवाजा लोटते आणि बाहेर नातवंडांना दटावते, ‘ताई रात्रभर बसमध्ये होती, आवाज करायचा नाही.’ दुपारी चारला उठवून ताट वाढते. मऊ भात, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी, ज्वारीची भाकरी. तळलेलं काही नाही, आंबट ताक नाही, लोणचं नाही. पाहुणीला असं जेवायला घालणं आमच्याकडे जवळजवळ अपमानाचं समजतात. पण प्रयोगाआधी नटाच्या पोटात काय असावं हे मावशीने इतक्या वर्षांत माझ्याकडून नीट समजून घेतलं आहे. पुरणपोळी ती डब्यात भरून देते, प्रयोग झाल्यावर खायला.

रात्री ती शेजारणींना घेऊन येते. तिकिटं तिने प्लॅन उघडला त्या दिवशीच काढलेली असतात. मी कितीदा म्हटलं असेल, ‘मावशी, मी पास ठेवते गं.’ तिचं उत्तर ठरलेलं, ‘आणि तुमच्या बसचं डिझेल कोण भरणार?’ नटाच्या नातेवाइकाने तिकीट काढावं की पास मागावा यावर आमच्या व्यवसायात पुष्कळ बोललं जातं. माझं मत मावशीच्या बाजूने आहे. थिएटरचं भाडं, बस, लॉज, सगळ्यांची नाईट म्हणजे प्रयोगामागची कमाई, एवढं तिकीटविक्रीतून भागवायचं असतं. आपल्या माणसाने काढलेलं तिकीट हे आपल्या कामाचं मोल ओळखणं असतं.

सांगलीचं आणखी एक अप्रूप आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते इथे, पटवर्धन सरकारांच्या आश्रयाने. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो त्याचाच. चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये गेले, राजाश्रय संपला आणि भाव्यांची मंडळी पोटासाठी गाव सोडून निघाली. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. म्हणजे मराठी नाटक जन्मल्यावर दहा वर्षांत दौऱ्याला लागलं, ते आजतागायत फिरतंच आहे.

संगीत नाटकांच्या काळातल्या कंपन्या एकेका गावी मुक्काम ठोकत. सगळं बिऱ्हाड बरोबर असे. आचारी, तालीममास्तर, शिकायला आलेली पोरं, नटांच्या बायका-मुलं. कंपनी हेच कुटुंब आणि तेच घर. दीनानाथ मंगेशकरांच्या घरात लताबाई इंदूरला जन्मल्या आणि आशाबाई सांगलीला. आम्ही आता दोन रात्रींसाठी जातो आणि परत येतो, घर मुंबईत तसंच असतं. सोय झाली हे खरं. पण कंपनीतल्या नटाला गावाची ओळख व्हायला जो वेळ मिळे तो आम्हाला मिळत नाही. गावात आपलं माणूस नसेल तर ते गाव म्हणजे लॉज, थिएटरचं मागचं दार आणि परतीचा रस्ता.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. त्यांनी प्रयोग केला. नाटकात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट निष्ठेचा धडा म्हणून सांगतात. मलाही सांगितली गेली. बालगंधर्वांविषयीचा आदर तसूभरही कमी न होऊ देता मला असं वाटतं की ही गोष्ट सांगणाऱ्यांनी त्या मुलीच्या आईचाही कधीतरी विचार करावा. ती रात्र तिने कशी काढली असेल ते कुणी सांगत नाही.

आमच्याकडे बदली नट तयार ठेवायची पद्धत जवळजवळ नाही. एक माणूस गेला नाही तर दौरा रद्द. गावोगावच्या कंत्राटदारांनी तिकिटं विकलेली असतात आणि बसमधल्या प्रत्येकाची कमाई प्रयोगावर, म्हणजे नाईटवर असते. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा आमचा विदर्भ दौरा ठरलेला होता. निर्मात्यांनी मला विचारलंही नाही, दौरा पुढे ढकलून मोकळे झाले. बॅकस्टेजच्या मंडळींची नाईट बुडाली ती ऐन शाळेच्या फिया भरायच्या दिवसांत. त्यांतल्या एकानेही मला ते जाणवू दिलं नाही. दहाव्याला सगळे घाटावर हजर होते. तेव्हापासून नातेवाईक म्हणताना माझ्या डोळ्यासमोर तेही येतात.

कोल्हापूरची मैत्रीण प्रयोगाच्या दिवशी मला घरी बोलवत नाही. आम्ही दोघी केशवराव भोसले नाट्यगृहाशी भेटायचो, खासबाग मैदानाच्या बाजूला. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पुरं करून घेतलेलं ते पॅलेस थिएटर. तिथल्या रंगमंचावर उभं राहिलं की शेवटच्या रांगेतलं खोकणंही नटाला ऐकू यायचं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ती रस्त्यावर उभी होती, तिच्याभोवती शेकडो माणसं होती आणि तिला बोलता येत नव्हतं. घरचं कुणी गेल्यावर जसे फोन होतात तसे त्या रात्री महाराष्ट्रभरच्या नटांचे एकमेकांना झाले. थिएटर ही आमच्या भेटीगाठींची जागा असते. थिएटर बंद पडलं की त्या गावचा दौरा बंद होतो, आणि त्या गावातली माणसं आम्हाला भेटायची थांबतात.

परदेशी दौऱ्यांत तर नात्यागोत्याचं सगळं चित्रच वेगळं. अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं नटांना बहुतेक वेळा लोकांच्या घरी उतरवतात. कधी न पाहिलेली बाई विमानतळावर नावाची पाटी घेऊन उभी असते आणि दोन दिवसांनी निघताना दोघींच्याही डोळ्यांत पाणी येतं. न्यू जर्सीत माझ्या एका यजमानीणबाईंनी पहाटे चारला उठून आम्हाला विमानतळावर सोडलं आणि तिथून त्या थेट ऑफिसला गेल्या. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाचे कार्यक्रम मोठे असतात, पण तिथल्या माणसांचं प्रेम कळतं ते घरातल्या डायनिंग टेबलाशी, रात्री बारा वाजता पिठलं-भात खाताना.

आणि झाडीपट्टीत तर नाटकच पाहुणे आणतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्री नाटक होतं, ते पहाटेपर्यंत चालतं. नाटक आहे म्हणून लेकी माहेरी येतात, घराघरांत पाहुणे उतरतात, लग्नाची बोलणी होतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी या रंगभूमीविषयी पहिल्यांदा ऐकलं. तिथले नट वडसा गावी मुक्काम करून हंगामभर रात्रीमागून रात्री कामं करतात. त्यांच्या नाटकाने गावंच्या गावं एकत्र येतात आणि त्यांची स्वतःची घरं हंगाम संपेपर्यंत वाट बघतात. त्यांच्यापुढे मला माझ्या मुंबई-सांगलीच्या प्रवासाचं कौतुक सांगायला संकोच वाटतो.

रत्नागिरीचा एक प्रसंग सांगते. सावरकर नाट्यगृहात प्रयोग होता. मामेभावांकडे लवकर जेवून मी वेळेआधीच थिएटरला पोचले. सेट लावणं चालू होतं. आमच्या बॅकस्टेजला बरीच मुलं कोकणातली आहेत. त्यांतल्या एकाचं गाव तिथून तासाभराच्या अंतरावर. प्रेक्षागृहात दिवे नव्हते आणि तिसऱ्या रांगेत एक म्हातारी बाई मांडीवर फडक्यात बांधलेला डबा घेऊन बसली होती. त्याची आई. त्याला गावी जायला सवड नाही म्हणून एसटीने ती आली होती. तो शिडीवर चढून फ्लॅट ठोकत होता, खाली उतरला की तिच्याकडे बघून हसत होता आणि पुन्हा चढत होता. सेट लागल्यावर त्याने विंगेतच बसून डबा खाल्ला, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. संध्याकाळच्या एसटीने तिला परत जायचं होतं. आम्ही कितीही म्हटलं तरी थांबायला तयार नव्हती, घरी गुरं होती. मुलगा ज्या नाटकावर पोट भरतो ते नाटक तिने पाहिलं नाही. सेट लागताना पाहिला.

मला मावशीच्या माजघरात झोप लागते, कारण त्या वेळी कुणीतरी शिडीवर उभं असतं. नटांना दौऱ्यात माणसं भेटतात, बॅकस्टेजला भेटत नाहीत, आणि त्यांचीही माणसं त्याच गावांत असतात. लांबच्या दौऱ्यात एक दिवस सगळ्यांसाठी मोकळा ठेवायला हवा, त्या दिवसाच्या अर्ध्या नाईटसकट. खर्च वाढेल, हे निर्मात्यांना सांगायला मी नको. तरी ही मागणी मी करते आहे आणि माझ्या पुढच्या करारात ती लिहून मागणार आहे.

तुम्हा वाचकांकडेही एक मागणं आहे. तुमच्या गावात नाटक येईल, त्यात तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तुम्ही त्याला जेवायला बोलवाल. जरूर बोलवा, प्रयोगाआधी चार वाजता, तिखट कमी घालून. पण त्याच दिवशी दुपारी थिएटरच्या मागच्या दाराशीही एक फेरी मारा. आत नेपथ्य, प्रकाश, कपडेपट आणि मेकअपची मिळून दहा-बारा माणसं काम करत असतील आणि त्यांना तिथून हलता येत नसेल. त्यांच्यासाठी घरचं जेवण घेऊन जा. आमच्या सांगलीच्या पुढच्या प्रयोगाला मावशी दोन मोठे डबे घेऊन येणार आहे, तसं तिने कळवलं आहे.