साप चावला, पण कागदावर नाही

आमच्या भावकीतला एक माणूस चार वर्षांपूर्वी गेला. वय बेचाळीस. भोकरदन तालुक्यातलं कोरडवाहू रान, आणि विहिरीच्या जिवावर थोडा गहू. रात्रीची लाइट होती म्हणून बारं द्यायला गेला. पायाला काहीतरी चावलं. आधी मंत्र टाकणाऱ्याकडं नेलं, मग गाडी शोधली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं. घरच्यांनी गाडी तिथूनच मागं वळवली. सकाळी दहाच्या आत अंत्यविधी उरकला. "आता कशाला चिरफाड करता, माती लवकर होऊ द्या," असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

ग्रामपंचायतीत नोंद झाली, पण कारणाच्या रकान्यात "अकस्मात" एवढंच लिहिलं गेलं. पुढं वहिनींना कुणीतरी सांगितलं की गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूला दोन लाख मिळतात. आम्ही कागद गोळा करायला बसलो, तर साप चावल्याचा एकही वैद्यकीय कागद नाही. माणूस सापानं गेला हे साऱ्या गावाला ठाऊक, फक्त कागदाला ठाऊक नाही. ही चूक आमची होती, माझी होती. म्हणून हे लिहितोय.

कारण ही गोष्ट एका घरापुरती नाही. जगात कोणत्या आजारावर किती पैसा आणि किती औषध खर्च करायचं, हे ज्या हिशेबावरून ठरतं, त्याचा पहिला आकडा अशाच रकान्यातून येतो.

पूर्वी हा हिशेब साधा होता. किती माणसं मेली ते मोजायचं, तेही जिथं नोंद होते तिथंच. त्यात दोन भोकं होती. जो मेला नाही पण आयुष्यभर अधू झाला, तो कुठंच दिसायचा नाही. आणि ऐंशीचा म्हातारा गेला काय, दोन वर्षांचं लेकरू गेलं काय, दोन्ही एकच.

१९९३ च्या जागतिक बँकेच्या अहवालात नवं माप पुढं आलं. ख्रिस्तोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ या दोघांचं त्यामागचं काम मोठं. त्या मापाला डॅली म्हणतात. अर्थ सोपा आहे: आजारानं किंवा अपघातानं निरोगी आयुष्याची किती वर्षं गेली? आमचा माणूस बेचाळिसाव्या वर्षी गेला, म्हणजे चाळिसेक वर्षं गेली. दुसऱ्या कुणाचा जीव वाचला पण पाय सडून कापावा लागला, तर त्या अधूपणाची वर्षंही त्यात धरायची.

हे माप देवानं दिलेलं नाही, माणसांनी बसवलेलं आहे. सुरुवातीला त्यात ऐन कमावत्या वयातल्या वर्षाला लेकराच्या किंवा म्हाताऱ्याच्या वर्षापेक्षा जास्त वजन होतं. त्यावर जगभर टीका झाली आणि २०१२ साली आलेल्या नव्या हिशेबात ते वजन काढून टाकलं. चूक दाखवली की माप सुधारतं, हे ध्यानात ठेवा.

२०१७ मध्ये आयसीएमआर आणि इतर संस्थांनी भारताचा राज्यनिहाय हिशेब मांडला. संसर्गजन्य रोग, बाळंतपण, नवजात बाळांचे आजार, कुपोषण यांचा एकूण बोजातला वाटा १९९० मध्ये ६१ टक्के होता, तो २०१६ मध्ये ३३ वर आला. हृदयविकार, मधुमेह, दमा असल्या आजारांचा वाटा ३० वरून ५५ वर गेला. उपयोगाची माहिती आहे. पण तो अहवाल राज्यापाशी थांबतो. जालना त्यात वेगळा दिसत नाही.

आणि पाया बघा. २०२० मध्ये देशात जेवढे मृत्यू नोंदले गेले, त्यातल्या फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांचं काय? तिथं अंदाज बांधावा लागतो. अंदाज वाईट नसतो, पण तो नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

ही फट भरायला एक जुनीच रीत शास्त्रशुद्ध करून वापरली गेली: घरी जाऊन विचारणं. डॉ. प्रभात झा आणि भारताच्या महानिबंधक कार्यालयानं मिळून "मिलियन डेथ स्टडी" केला. प्रशिक्षित कर्मचारी मयताच्या घरी बसून शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते घरच्यांच्या भाषेत लिहून घेत. ते दोन डॉक्टर वेगवेगळे वाचत आणि कारण ठरवत. २००१ ते २००३ मधले सव्वा लाखाच्या आसपास मृत्यू असे तपासले. त्यातून निघालं की भारतात सर्पदंशानं वर्षाला सुमारे ४५,९०० माणसं जातात. दवाखान्यांच्या नोंदींपेक्षा हा आकडा तीसपटीहून मोठा होता! कारण उघड आहे. यातले बहुतेक मृत्यू खेड्यातले आणि तीनचतुर्थांशाहून जास्त दवाखान्याबाहेरचे. आमच्या माणसासारखेच.

मोजलं म्हणून दिसलं, आणि दिसलं म्हणून हललं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे असं ठरवलं, आणि सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं.

"आकड्यांनी माणूस जगतो का?" असं कुणी विचारेल. त्यांना आपल्याच देहेडचं नाव सांगावं. भोकरदन तालुक्यातल्या या गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. तिथं विंचवानं माणसं मरत होती. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम, तोंडाला येणारा फेस, सगळं लिहीत गेले. त्या नोंदींतून कळलं की घात हृदयावर होतो. मग प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली, आणि शेकडा तीस-चाळीस मृत्यूंचं प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात वहीपासून झाली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच.

साप-विंचू चावला तर सरळ दवाखाना गाठा. माणूस वाटेत गेला तरी गाडी परत फिरवू नका. पोलीस पाटलांना कळवा, शवविच्छेदन होऊ द्या. त्यात विटंबना नाही. तो मागं राहिलेल्यांचा आधार आहे.

आजारानं कुणी गेलं तर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून कारणाचं प्रमाणपत्र मागा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायला हवी.

आणि प्रशासनाकडं मागणी: जिल्ह्यातले मृत्यू कारणानिशी, तालुकावार, दरवर्षी जाहीर करा. घरी झालेल्या मृत्यूंची घरी जाऊन चौकशी करा. भोकरदनला किती जणांना साप चावतो हेच माहीत नसेल, तर लशीच्या किती बाटल्या लागतात हे कशावरून ठरवणार? येत्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे, तुम्हीही आपापल्या गावात मांडा.

वहिनींचे दोन लाख काही मिळाले नाहीत. पोरगा आता मोठा झालाय, तोच रात्री बारं द्यायला जातो. हातात बॅटरी, पायात गमबूट. तेवढं तरी शिकलो आम्ही.