गोष्ट विसरली कीं विसरविली ?

शहरांतील सुशिक्षित मंडळींस अलीकडे आदिवासींच्या लोककथांविषयीं फार जिव्हाळा वाटूं लागला आहे. पावसाळ्यांत जव्हारकडे जावें, दाभोशाचा धबधबा पाहावा, जयविलास राजवाड्यासमोर छायाचित्रें काढावीं, परततांना वारली चित्रांचा एखादा पडदा विकत घ्यावा, आणि घरीं आल्यावर ‘तिकडच्या लोकांनींहि आपल्या जुन्या गोष्टी टाकून दिल्या हो ! त्यांचींहि मुलें आतां मोबाइलांत डोकें खुपसून बसतात,’ असा उसासा टाकावा, हा एक परिपाठच होऊन बसला आहे. हा उसासा टाकणारांत आमचे स्नेही आहेत, चांगले व्यासंगी लोक आहेत, आणि लपवावें कशाला, कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही स्वतःहि होतों. आज आम्हांस त्या उसाशाविरुद्धच लिहावयाचें आहे.

ही तक्रार नवी आहे असें कोणी समजूं नये. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी फ्रियर हिनें १८६८ सालीं ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नांवानें दख्खनी कथांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्या कथा तिला सांगितल्या तिच्या आयेनें, ॲना लिबेराता डी सूझा हिनें. आणि तिनें त्या ऐकल्या होत्या आपल्या आजीच्या तोंडून. या बाईचें आत्मवृत्तहि त्या पुस्तकांत दिलें आहे, व त्यांत तिची अशी तक्रार नमूद आहे कीं पूर्वींच्या म्हाताऱ्या माणसांना गोष्टी सांगण्याची हौस असे, हल्लींच्यांना पैसा मिळविण्यापलीकडे कशाचीहि गोडी राहिली नाहीं. ज्या काळाला आपण आज आजीच्या गोष्टींचा सुवर्णकाळ म्हणतों, त्याच काळांतल्या एका आजीचें हें गाऱ्हाणें ! तेव्हां म्हाताऱ्यांची गोडी आटली, पोरांचें चित्त उडालें, या सबबी दीडशें वर्षें तरी चालत आल्या आहेत, आणि तरीहि गोष्टी मेल्या नाहींत. मग आज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जर खरोखरच कांहीं तुटत असेल, तर त्याचें कारण गोडींत न शोधतां दुसरीकडे शोधलें पाहिजे.

आमच्या मतें तें शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. गोष्टीला सांगणारी लागते, ऐकणारें मूल लागतें, आणि दोघांस मिळून एक संध्याकाळ लागते. या दोन तालुक्यांत आजी आहे, नातूहि आहे. संध्याकाळ मात्र आम्हीं त्यांच्यापासून काढून घेतली आहे. ‘आम्हीं’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतों, कारण ज्या व्यवस्थेनें ती काढून घेतली ती आमच्याच मतानें व आमच्याच करांतून चालते.

जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. आज जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके, २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळ्या काढलेल्या, पालघर जिल्ह्यांत आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची ही वस्ती. दहा माणसांत नऊ आदिवासी. पिकें म्हणजे भात, नागली आणि वरई, तींहि पावसाच्या मर्जीवर. १९७२ नंतर महाराष्ट्र सरकारनें आदिवासी भागांत आश्रमशाळांचें जाळें विणलें. आज राज्यांत पांचशेंच्या आसपास सरकारी आश्रमशाळा आहेत व अनुदानित आश्रमशाळा त्याहून कांहीं अधिकच. सहा-सात वर्षांचें मूल जून महिन्यांत तेथें जातें, तें दिवाळीला घरीं येतें, पुन्हां जातें, तें उन्हाळ्यांत येतें. वर्षाच्या तीनशें पासष्ट संध्याकाळींपैकीं आजीच्या वांट्याला किती आल्या याचा हिशेब वाचकांनींच करावा.

मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावर एका दिवाळीच्या सुटींत आम्ही एका वृद्ध बाईच्या ओसरीवर बसलों होतों. तिचा नातू सातव्या इयत्तेंत, नुकताच शाळेतून आलेला. आम्हीं मोठ्या हौसेनें विचारलें, कणसरीची गोष्ट याला सांगितलीत का ? कणसरी म्हणजे धान्याची देवता. भात घरांत आल्यावर भगत घांगळीच्या तारांवर तिची कथा लावतो, आणि तीच कथा घराघरांत आज्या आपापल्या परीनें सांगतात. म्हातारी हंसली. ती म्हणाली, हा घरीं येतो तो पाहुण्यासारखा. पाहुण्याला जेवूं घालायचें कीं गोष्ट सांगायची? मग तिनें आमच्याचसाठीं म्हणून सुरुवात केली, आणि आम्हीं पाहिलें कीं तो मुलगा मध्येंच थांबवून तिला शब्दांचे अर्थ विचारीत होता. आपल्या आजीच्या बोलींतले शब्द ! त्याच्या शाळेचें नांव आम्ही सांगणार नाहीं. तेथें पहिल्या वर्षीं घरची बोली तोंडून गेली तर सारा वर्ग हंसे, आणि गुरुजीहि त्यांत सामील होत, एवढें त्यानें आम्हांस निघतांना हळूच सांगितलें. कोणी त्या मुलाला मोबाइलाचें वेड लागलें म्हणेल काय ? त्याच्याजवळ मोबाइल नव्हताच.

येथें आमचे विरोधक आम्हांस अडवतील. ते म्हणतील, मग काय आश्रमशाळा बंद करावयाच्या ? मुलांना गोष्टींसाठीं निरक्षर ठेवावयाचें ? हा प्रश्न आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें शंभरावर बालकें कुपोषणानें दगावलीं. त्या डोंगरांतली जी आई आपल्या सहा वर्षांच्या लेकराला शाळेंत नेऊन सोडते, ती अक्षराइतकीच दोन वेळच्या जेवणासाठीं सोडते, आणि तिच्या जागीं आम्ही असतों तर आम्हींहि तेंच केलें असतें. कथा वाचवा म्हणून तिला उपदेश करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. परंतु भाकरी आणि गोष्ट यांतून एकच निवड, असा पेंच तिच्यापुढें टाकला कोणीं ? ज्याच्या ताटांत दोन्ही आहेत त्यानें तो पेंच स्वाभाविक मानावा आणि वर तिनें गोष्ट टाकली म्हणून हळहळावें, याला आम्ही रसिकता म्हणत नाहीं.

जीं मुलें शाळेंत नसतात त्यांची गत तरी काय ? भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली, कीं या दोन तालुक्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडावयाची असते. लहान पोरें आईबापांबरोबर जातात, म्हातारीं घराची राखण करीत मागें राहतात. भट्टीवर चिखल तुडविण्याचें काम पहाटेच्याहि आधीं सुरू होतें. तेथें अंधार हा झोपेचाहि नाहीं, मग गोष्टीचा कोठून असणार? पाड्यावर आजी आहे पण ऐकणारें कोणी नाहीं, भट्टीवर ऐकणारें आहे पण आजी नाहीं. शहरांत आमच्या इमारतींच्या भिंती ज्या विटांनीं उभ्या राहतात, त्या या ताटातुटीवर भाजल्या जातात. पावसाच्या तोंडावर कुटुंब परत येतें तें थेट राबाच्या आणि पेरणीच्या घाईंत.

कुटुंबांना आपला वारसा सांभाळण्याची इच्छाच उरली नाहीं असें ज्यांना वाटतें त्यांनीं एकदां बोहाडा पाहावा. जव्हार-मोखाड्याच्या गांवोगांव फाल्गुन ते वैशाख या महिन्यांत हा मुखवट्यांचा उत्सव होतो. रात्रभर संबळाच्या तालावर सोंगें नाचत येतात. गणपति, शारदा, वेताळ, रावण, नरसिंह, आणि सरतेशेवटीं जगदंबा व महिषासुर यांचें युद्ध. अनेक गांवीं एकेक सोंग नाचविण्याचा मान एकेका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो मुखवटा बापानें उतरवून ठेवला कीं मुलानें चढवावयाचा, आणि चढवावयाचा म्हणजे त्याचीं पावलें, त्याची चाल, त्याची कथा सारें आलें पाहिजे. नोकरीनिमित्त मुंबईस गेलेला मुलगा त्या रात्रीपुरता गांवीं येतो. ज्यांना टाकावयाचें असतें ते लोक असे येत नसतात. आतां यांतली गंमत पाहा. हा उत्सव नेमका शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत पडतो. म्हणून ज्या पोरानें उद्यां तो मुखवटा डोक्यावर घ्यावयाचा, तें पोर त्या रात्रीं दहा-वीस कोसांवरच्या वसतिगृहांत सनावळ्या घोकीत असतें.

आणि सनावळ्या कोणत्या ? आपल्याच भूमीची गोष्ट तरी त्याला शाळा सांगते काय ? जव्हारच्या राज्याची मूळकथा ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत १८८२ सालीं छापली गेली. जयबा मुकणे यानें तेथल्या सरदाराकडे बैलाच्या एका कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली. ती मिळतांच त्यानें कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, आणि त्या वाद्यांनीं वेढून साऱ्या गडाची जागा आपलीशी केली. कार्थेज नगरीच्या डायडो राणीविषयींहि अगदीं हीच कथा सांगतात, आणि ती शिकलेल्या लोकांच्या ओळखीची आहे. पुढें १३४३ सालीं या घराण्यास दिल्लीच्या सुलतानाकडून ‘शाह’ पदवी मिळाली अशी संस्थानची परंपरा आहे. कथा उत्तम आहे. पण ती चातुर्यानें जमीन मिळविणाराची कथा आहे. ज्याची जमीन त्या कातड्याखालीं गेली, त्याच्या चुलीपाशीं ती कशी सांगितली जाते हें गॅझेटियरांत नाहीं. तें आजीकडे असतें. मुखानें चालणाऱ्या कथेचें मोल आम्ही कशांत मानतों असें कोणी विचारील तर यांत मानतों, कीं जिंकणाराच्या दप्तराबाहेरचा साक्षीदार तेवढाच उरतो.

आतां संग्राहकांविषयीं. त्यांच्यावर आमचा राग नाहीं. त्यांनीं पायपीट केली नसती तर आम्हांस कांहींच ठाऊक नसतें. पण ‘आम्हीं गोष्टी छापल्या, म्हणजे त्या वाचल्या,’ हा जो एक समज बळावला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं. पाड्यावरची गोष्ट प्रथम प्रमाण मराठींत येते, मग तिच्यांतला शिवराळपणा गाळला जातो, मग तिच्या शेवटीं एक तात्पर्य चिकटविलें जातें, आणि असें हें नीटनेटकें पुस्तक पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांत जाऊन बसतें. ज्या मुलाच्या आजीची ती गोष्ट, त्याच्या हातीं तें क्वचितच येतें. आलें तरी त्यांत त्याला आजीचा आवाज ओळखूं येत नाहीं. चित्रांचेंहि असेंच कांहींसें झालें, पण तेथें निदान पैसा तरी आला. लग्नाच्या वेळीं सवाष्णींनीं तांदळाच्या पिठानें भिंतीवर काढावयाचा चौक, त्यांतली पालघाट देवी, हें सारें जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या थोर कलावंतानें कागदावर आणलें, जगभर नेलें. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. त्याच चौकापुढें लग्न लावणारी धवलेरी जें गाते, त्याला मात्र कोणी गिऱ्हाईक नाहीं, कारण तें साडीच्या पदरावर छापतां येत नाहीं.

आमच्या स्वतःच्या घरांचें काय, हा प्रश्न टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. चातुर्मासाच्या कहाण्या आमच्या किती घरांत आज तोंडानें सांगितल्या जातात ? आटपाट नगर आमच्या मुलांना ठाऊक आहे तें चित्रांच्या पुस्तकांतून किंवा पडद्यावरून. आमची आजी दुसऱ्या शहरांत असते, किंवा त्याच घरांत असून दूरदर्शन संचापुढें एकटी असते. आम्हीं ही संध्याकाळ स्वखुशीनें विकली, आणि तिच्या मोबदल्यांत बरेंच कांहीं मिळविलें. जव्हारच्या बाईनें ती विकली नाहीं. तिच्याकडून ती नेली गेली. या दोहोंस एकाच ‘ऱ्हास’ या शब्दाखालीं घालून विद्वत्तापूर्ण निबंध लिहिणें हें निदान आळसाचें लक्षण आहे.

उपाय काय, असें विचारणारांस याच जिल्ह्यांतलें एक उदाहरण दाखवितों. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच मुलांकडे नेली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. पाड्यावरच अंगणवाडी भरविली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत शाळा नेली. पाऊणशें वर्षांपूर्वीं दोन बायकांना जें सुचलें व साधलें, तें खात्याला आज अशक्य वाटावें याचें आम्हांस नवल वाटतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत पांचवीपर्यंत शक्य तेथें घरच्या भाषेंत शिकवावें असें लिहिलें आहे. ती भाषा शिकविण्यास पदवीधर कोठून आणावयाचे, असा प्रश्न अधिकारी करतात.

आमचें मागणें त्या मानानें अगदींच लहान आहे. चौथीपर्यंतचें मूल होतां होईल तों आपल्या पाड्याच्या शाळेंतच शिकावें; बोहाड्याचे दिवस त्या त्या गांवच्या मुलांना सुटीचे असावे; आणि प्रत्येक आश्रमशाळेंत आठवड्यांतून दोन संध्याकाळीं आसपासच्या पाड्यांवरच्या दोन म्हाताऱ्यांना बोलवावें, आपल्या बोलींत जें सांगावयाचें तें सांगूं द्यावें, आणि जाण्यायेण्याच्या भाड्यासकट त्याचा रीतसर मेहनताना द्यावा. हें आम्हीं एका अधिकाऱ्यांपुढें मांडलें. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग विचारलें कीं या बायांची शैक्षणिक पात्रता कोणत्या रकान्यांत दाखवावयाची. आम्हीं म्हटलें, स्वयंपाकिणीची ज्या रकान्यांत दाखवितां त्यांत दाखवा. ते म्हणाले, स्वयंपाकिणीचें पद मंजूर आहे.