माथेरानचा घोडा आणि चौथा अतिचार

चातुर्मास संपला की साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि चार महिने प्रवास आवरून बसलेल्या गृहस्थालाही पाय मोकळे करावेसे वाटतात. गेल्या कार्तिकात आम्ही तिघे, मी, सौभाग्यवती आणि नऊ वर्षांचा नातू, पहाटेच्या कर्जत लोकलने दादरहून निघालो. नवकारशीची वेळ होताच गाडीतच खाकऱ्याचा डबा उघडला. नेरळला छोट्या गाडीची तिकिटे संपली होती. आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या घराण्याने बांधलेली ही रेल्वे १९०७ साली सुरू झाली, एवढे नातवाला सांगून त्याची समजूत काढली आणि टॅक्सीने दस्तुरी नाका गाठला.

तेथून पुढे मोटारीला मज्जाव. अमन लॉजहून सौभाग्यवती शटलने वर गेल्या; त्यांचे गुडघे चढ मानत नाहीत. आम्ही दोघे रुळांच्या कडेने चालू लागलो. तांबडी माती, डोक्यावर जांभूळ-हिरड्याची सावली, आणि कर्णा कोठेच नाही. एका फांदीवर शेकरू दिसले. लांब शेपटी खाली सोडून ते निवांत काही कुरतडत होते. नातू श्वास रोखून उभा राहिला. मुंबईत त्याला असे स्तब्ध उभे राहिलेले मी कधी पाहिले नाही.

मात्र मोटार नाही म्हणजे ओझे कोणीतरी अंगावर वाहतेच. गावात शिजणाऱ्या तांदळाचे पोतेसुद्धा शेवटी घोड्याच्या पाठीवरून, नाहीतर माणसाच्या हातगाडीवरून वर जाते. आपण व्यापारी, मालाला वाहतूक लागते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

नातवाला घोड्यावर बसायचे होते. मी नको म्हटले. प्रतिक्रमणात आपण पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आठवतो: मारणे, जखडून बांधणे, अवयव कापणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. पाचही पाळीव जनावराच्या मालकाला थेट लागू पडणारे. तेवढे नातवाला सांगत असता घोडेवाला शांतपणे म्हणाला, "शेठजी, तुम्ही बसला नाहीत तर माझा घोडा आज खाणार काय?"

मी निरुत्तर झालो. चौथा अतिचार टाळावा तर पाचव्याला हातभार लागतो की काय! नुसते पैसे देऊन पुढे जावे, असेही मनात आले. पण कष्टाने मिळवणाऱ्याच्या हातावर दान ठेवणे मला अवमानकारक वाटले. अखेर पाठीवर खोगिराचे व्रण नाहीत हे पाहून, घोड्याला आधी पाणी पाजायला लावून, नातवाला बसवले. मी बाजूने चालत राहिलो. पंचवीस किलोचे पोर म्हणजे अतिभार नव्हे, असा मी निवाडा केला. काही वाचकांना तो सोयीचा वाटेल. त्यांनी तसे अवश्य कळवावे.

परतताना सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचे म्हणून नेरळच्या फलाटावरच दशम्या आणि मेथीची भाजी काढली. तेव्हा नातवाने विचारले, "आजोबा, आपल्याकडे बैलगाडी होती ना? तिच्यावर किती पोती टाकायचे?"

वडिलांच्या धान्याच्या आडतीवर मी विशीत बसू लागलो होतो. वडील एका गाडीला बारा पोत्यांपुढे जाऊ देत नसत. एके दिवशी ते परगावी गेले असता दुसरी खेप वाचावी म्हणून मी पंधरा लादवली. पुलाच्या चढावर डावीकडचा बैल गुडघ्यांवर बसला. वडिलांना हे मी कधीच सांगितले नाही, आणि प्रतिक्रमणात ते पद आले की आजही माझा आवाज खाली जातो.

"बारा," असे मी आधी म्हणालो. मग दशमी खाली ठेवली आणि पंधरांची हकीकत त्याला सांगितली.

"बैल उठला का?"

"उठला. तीन पोती उतरवल्यावर."

लोकल येईपर्यंत तो आणखी काही बोलला नाही. त्याने आपल्या वाट्याची एक दशमी मात्र माझ्या डब्यात परत ठेवली.