नकलेची साक्ष

केंब्रिज विद्यापीठाच्या अभिजात पुरातत्त्व संग्रहालयातल्या मोठ्या दालनात साडेचारशेच्या आसपास ग्रीक-रोमन शिल्पं आहेत आणि त्यातलं एकही अस्सल नाही. सगळे प्लास्टर कास्ट. आक्षेपकांना एवढं पुरतं. नकला सांभाळायच्या कशाला? अथेन्सला, नेपल्सला जावं आणि मूळ शिल्पं पाहावीत. अभ्यासाला आता थ्रीडी स्कॅन आहेत. एवढ्या जागेत चार वर्ग भरतील! वाद जुनाच आहे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात 1904च्या सुमारास तो इतका पेटला की कास्टची बाजू घेणारे संचालक एडवर्ड रॉबिन्सन अखेर राजीनामा देऊन न्यूयॉर्कला गेले. ज्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते गेले, त्यानेही पुढे आपले कास्ट गोदामात टाकले आणि 2006 साली लिलावात काढले.

मूळच पाहायचं, मान्य. पण कुठलं मूळ? ग्रीक शिल्पकार पॉलिक्लाइटसचा भालाधारी ब्राँझचा होता, तो कधीच नाहीसा झाला. नेपल्सला लोक ज्याच्यापुढे थबकतात तो पाँपेईत सापडलेला, रोमन काळात संगमरवरात उतरवलेला पुतळा. मायरनच्या थाळीफेक्याची तीच गत. बरं, रोमन कारागीर या नकला करत कशा? नेपल्सजवळ बायाय इथे 1954 साली त्यांच्या कामाच्या जागेतले प्लास्टरचे शेकडो तुकडे हाती लागले. ते ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून घेतलेले कास्ट निघाले. अथेन्सकरांनी जुलमी सत्तेविरुद्धचा वीर म्हणून ज्याचा पुतळा उभारला, त्या अरिस्टोगायटनच्या चेहऱ्याचा तुकडाही त्यात ओळखता आला. म्हणजे ज्या संगमरवराच्या नावाने प्लास्टरला नाकं मुरडायची, तो संगमरवरच प्लास्टरवरून घडलेला. अस्सलतेचा सोवळेपणा इथे टिकत नाही.

शिवाय संगमरवर हलत नाही, प्लास्टर हलतं. अथीनाचं एक धड ड्रेस्डेनला आणि एक डोकं बोलोन्याला. ना हे शहर देणार, ना ते. फुर्टवेंग्लर या जर्मन विद्वानाने डोक्याचा कास्ट धडावर बसवून पाहिला, तो नेमका बसला, आणि 1893च्या ग्रंथात त्याने ही शिल्पकार फिडियसची लेम्नियन अथीना असल्याचं मांडलं. ती फिडियसचीच का, यावर पंडित अजून भांडतात. भांडोत बापडे. भांडायला समोर काहीतरी आहे ते या प्लास्टरमुळेच.

माझा खरा मुद्दा मात्र वेगळाच आहे. कास्ट म्हणजे मूळ शिल्पाचं त्या दिवशीचं रूप. जिप्सम भाजून केलेल्या भुकटीत पाणी घातलं की काही मिनिटांत ती घट्ट होते आणि होताना किंचित फुगते. त्यामुळे साच्यातली छिन्नीची केसाएवढी रेघही ती पकडते. साचा बऱ्याच तुकड्यांचा असतो. त्या तुकड्यांच्या सांध्यांच्या बारीक कडा नीट घासल्या नसतील तर मांडीवर, पाठीवर बोटाला लागतात. लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी 1802 साली पार्थेनॉनच्या पश्चिमेकडच्या शिल्पपट्टीचे साचे घेतले. ती पट्टी बहुतांशी इमारतीवरच राहिली आणि थेट 1993 साली खाली उतरली. मधल्या काळात पाऊस, मग अथेन्सची विषारी हवा आणि माणसांचे हात यांनी दगडावरचे तपशील खाऊन टाकले. ते आज प्लास्टरमध्ये सापडतात. थ्रीडी स्कॅनवाल्यांना विचारावंसं वाटतं: जे दगडावरून गेलं, त्याचं स्कॅन कशावरून काढणार? कास्टवरूनच ना? मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतले ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून बारा-तेरा वर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या आगीतून वाचलेल्यांचं मोल याच जातीचं.

एक आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही. या पांढऱ्या फौजेने ग्रीक कला पांढरीच होती असा गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या पोसला, आणि वारंवार साचे घेताना मूळ दगडावरचे रंगाचे उरलेसुरले अंशही काही ठिकाणी गेले. खरं आहे. पण मग केंब्रिजने 1975 साली काय केलं तेही पाहा. अक्रोपोलिसवर 1886 साली सापडलेल्या, इसवीसनपूर्व 530च्या सुमारच्या ‘पेप्लोस कोरे’चा कास्ट त्यांनी चक्क भडक रंगवला. मूळ मूर्तीला ब्रश लावला असता तर तुरुंगच! पुढे 2003 साली म्युनिकला पुरातत्त्वज्ञ ब्रिंकमन यांनी रंगीत प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवलं. ही ‘कोरे’ म्हणजे मुलगी नसून देवी असावी आणि तिचा पोशाखही निराळा असावा, असं त्यांचं मत. त्यांनी त्याप्रमाणे प्रतिकृती रंगवल्या. असा प्रयोग फक्त नकलेवरच होऊ शकतो.

साहेबाने ग्रीक कास्ट समोर मांडून आमच्या मुलांची नजर बाटवली, अशी तक्रार आपल्याकडे अधूनमधून ऐकू येते. त्या कास्टवरून रेखाटन शिकवणाऱ्या जे.जे.मध्येच शिल्पकार म्हात्र्यांनी 1896 साली ‘मंदिरपथगामिनी’ घडवली, नऊवारीतली, आणि तीही प्लास्टरमध्ये. बाटलेल्या नजरेचं लक्षण हेच असेल तर माझी हरकत नाही.

तेव्हा वर्गांसाठी जागा दुसरीकडे शोधा. आणि कास्टखालच्या पाटीवर मूळ शिल्पाच्या शतकाबरोबर साचा कोणी घेतला, कोणत्या साली, त्यानंतर मुळाची डागडुजी झाली का, हेही लिहा. व्हॅटिकनमधल्या लाओकोऑनचा दुमडलेला हात 1906 साली मिळाला आणि तो पुतळ्याला बसवायला 1950च्या दशकाची अखेर उजाडली. त्याआधीच्या कास्टमध्ये त्या जागी डागडुजीतला, सरळ वर ताणलेला हात आहे. साच्याचं साल माहीत नसेल तर विद्यार्थी त्या हाताला ग्रीक समजून बसेल.