घरांतील आरोग्य : लवचीक सांध्यांचें दुखणें

वय झालें कीं सांधे कुरकुरावयाचेच, ही समजूत आपल्या घरांतून इतकी रुळलेली आहे कीं, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीनें गुडघे दुखतात म्हणून सांगितलें तर तें कोणास खरेंच वाटत नाहीं. अभ्यासाचा कंटाळा असेल, काम टाळावयाचें असेल, असे तर्क सुरू होतात. या तर्कांत एके काळीं मीहि सामील होतें, म्हणूनच आज हा विषय वाचक भगिनींपुढें मांडीत आहें.

आमच्या धाकट्या जाऊबाईंची मुलगी लहानपणापासून अंगानें विलक्षण लवचीक. हाताचा आंगठा ती सहज मागें वळवून मनगटाला टेकवी, आणि पाहुणे आले म्हणजे "ये ग, ती गंमत दाखव," म्हणून आम्हीच तिला पुढें करीत असूं. चौदावें वर्ष लागलें तेव्हांपासून संध्याकाळीं तिचे गुडघे व घोटे दुखूं लागले. पानभर लिहिलें कीं बोटें ठणकत. सपाट रस्त्यावर चालतांना दोनदां पाय मुरगळला. रक्ताच्या तपासण्या केल्या, त्या निर्दोष आल्या, आणि मुलीला कांहीं झालेलें नाहीं असें आम्हीं ठरवून टाकलें. पुढें तिनें दुखण्याचें नांव काढणेंच सोडलें, आणि ती बरी झाली अशी आमची समजूत झाली.

दोन वर्षांनीं खांदा निखळला तेव्हां तिला संधिरोगांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं प्रथम एक साधी परीक्षा घेतली. करंगळी ९० अंशांपलीकडे मागें वळते काय, आंगठा हाताला टेकतो काय, कोपर व गुडघा सरळ रेषेच्या १० अंशांहून अधिक मागें जातात काय, हीं चार चिन्हें दोन्ही बाजूंचीं मिळून ८ गुण. आणि गुडघे न वांकवितां दोन्ही तळवे जमिनीस टेकले तर नववा गुण. वयांत आलेल्यांपासून पन्नाशीपर्यंतच्या माणसांत ५ किंवा अधिक गुण आले म्हणजे सांधे अतिलवचीक समजतात. मुलीला ८ मिळाले.

नुसती लवचीकता हा रोग नव्हे. अशीं कितीतरी माणसें जन्मभर सुखांत असतात. परंतु तिच्या जोडीला दुखणें, सांधे निखळणें, फार मऊ त्वचा आणि घराण्यांत तसाच इतिहास असेल तर संयोजी ऊतींच्या विकाराचा विचार करावा लागतो. डेन्मार्कचे एलर्स यांनीं १९०१ सालीं व फ्रान्सचे डानलॉस यांनीं १९०८ सालीं अशा रोग्यांचें वर्णन केलें, म्हणून या विकारांस त्या दोघांचें नांव आहे. २०१७ च्या वर्गीकरणांत त्याचे १३ प्रकार मानले आहेत. त्यांतील सर्वांत अधिक आढळणाऱ्या अतिलवचीक प्रकाराचें आनुवंशिक कारण अद्याप निश्चित झालेलें नाहीं. त्यामुळें तो रक्ताच्या तपासणींत दिसत नाहीं, डॉक्टरांनाच तपासून ठरवावा लागतो.

आपलीं हाडें एकमेकांस बांधणारे बंध कोलॅजन नांवाच्या प्रथिनाचे असतात. ही बांधणी जन्मतःच सैल असली कीं सांधा सांवरण्याचें काम भोंवतालच्या स्नायूंवर पडतें. दावें सैल असलेलें गुरूं राखावयाचें तर गुराख्याला डोळ्याला डोळा लावतां येत नाहीं, तशी त्या स्नायूंची गत होते. दिवस मावळतांना तें शरीर थकून दुखूं लागतें, यांत ढोंग कोठें आलें?

डॉक्टरांनीं विचारलें, "घरांत आणखी कोणाचे सांधे असे आहेत काय?" घरीं आल्यावर हा प्रश्न निघाला तेव्हां सासूबाईंनीं कांहीं न बोलतां आपला आंगठा मनगटाला टेकवून दाखविला. नव्या नवरीच्या दिवसांत पाण्याचा हंडा उचलतांना त्यांचा खांदा दोनदां निखळला होता, आणि सासरीं त्यांस कामचुकार म्हणत. "मलाहि तेव्हां तेंच खरें वाटूं लागलें होतें," एवढेंच त्या म्हणाल्या. आईबापांपैकीं एकास हा विकार असल्यास प्रत्येक अपत्यांत तो उतरण्याचा संभव निम्मा असतो, हें डॉक्टरांनीं नंतर सांगितलें.

या विकारावर मुळांतून बरें करणारें औषध नाहीं. बाजारांतील कोलॅजनच्या भुकट्यांनीं बंध घट्ट होतात असाहि पुरावा नाहीं. परंतु उपाय पुष्कळ आहेत. व्यायामतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं मांड्या, कंबर व खांदे यांचे स्नायू हळूहळू बळकट करावे. अंथरुणावर पडून राहिल्यानें स्नायू आणखी दुबळे होतात. आसनांत शरीर अधिकाधिक ताणण्याची हौस सोडावी, आंगठ्याची गंमत तर कायमची बंद करावी. हाडवैद्याकडून हिसके देववूं नयेत. बरें वाटलें त्या दिवशीं सारीं कामें उरकून पुढील तीन दिवस कण्हत बसण्यापेक्षां रोज थोडें थोडें करावें. भरलेली कढई दोन्ही हातांनीं उचलावी, पोळ्या उंच स्टुलावर बसून लाटाव्या, लिहावयास जाड पेन घ्यावें, कणीक मळण्याचें काम घरांतील दुसऱ्या कोणी, पुरुषांनींहि, अंगावर घ्यावें. वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांस विचारल्याखेरीज रोज घेऊं नयेत.

सांधा सुजला, लाल झाला, ताप आला किंवा सकाळीं तासभर ताठरपणा राहिला तर तो आमवातासारखा निराळा रोग असूं शकतो. विलंब करूं नये. घराण्यांत कोणी तरुणपणीं रक्तवाहिनी फुटून दगावलें असेल तर तें डॉक्टरांस आवर्जून सांगावें, कारण या विकाराचा एक प्रकार रक्तवाहिन्यांना धोका करणारा आहे.

आमची मुलगी आतां महाविद्यालयांत जाते. दुखणें पूर्ण गेलेलें नाहीं. पण दुखलें कीं ती सांगते, आणि आम्ही ऐकतों. सकाळीं ती व्यायाम करावयास बसली म्हणजे सासूबाई शेजारीं खुर्ची ओढून झेपेल तेवढें करतात. आपल्या घरांतील एखादें मूल "दुखतें" म्हणालें तर त्याचें वय पाहून उत्तर देऊं नका. आधीं त्याच्याजवळ बसून कोठें आणि केव्हां दुखतें तें विचारा. सासूबाईंना तें साठ वर्षांत कोणीं विचारलें नव्हतें.