मोहाऐवजी साग: चिमूरच्या जंगलातील तुटलेल्या धाग्यांचा हिशेब द्या

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य



ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा सुमारे 625 चौरस किलोमीटरचा गाभा आणि सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचा बफर नकाशावर काटेकोर आखलेला आहे, आणि वाघांची गणनाही दर चार वर्षांनी होते. मात्र मिश्र जंगल तोडून तेथे साग लावण्याचे जे धोरण 1974 मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाल्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीत राबवले गेले, त्याने जीवांमधील किती नाती तोडली याचा हिशेब शासनाने आजवर जनतेपुढे ठेवलेला नाही.

कोण कोणाला खातो, कोण कोणाचे परागीभवन करतो आणि कोण कोणाचे बी पसरवतो, या नात्यांच्या गुंफणीस परिसंस्थेचे जाळे म्हणतात. डन, विल्यम्स व मार्टिनेझ या संशोधकांनी 2002 मध्ये 16 अन्नजाळ्यांमधून संगणकावर एकेक प्रजाती वगळून पाहिली, तेव्हा सर्वाधिक नाती असलेल्या प्रजाती काढताच इतरांचाही लोप झपाट्याने होतो असे आढळले. शिवाय जाळ्याची तग धरण्याची क्षमता प्रजातींच्या संख्येवर नव्हे, तर शक्य नात्यांपैकी किती नाती प्रत्यक्षात आहेत या जोडणीच्या दाटपणावर अवलंबून दिसली.

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरच्या जंगलात मोह हे असेच बहुसंबंधी झाड आहे. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या फुलांवर वटवाघळे, अस्वले व चितळ येतात, आणि माणसेही फुले व टोळी (मोहाच्या बिया) वेचून घर चालवतात. सागाचे कठीण फळ यांपैकी कोणाचेच पोट भरत नाही, म्हणून मोहाची एक जागा सागाला दिली की अनेक धागे एकदम तुटतात.

हा धोका केवळ संगणकावरचा नाही. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून अधिक घटली. त्यामागे मुख्यतः गुरांना दिले जाणारे आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणारे डायक्लोफिनॅक हे एकच औषध होते, आणि त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी यायला 2006 साल उजाडले. 2024 मध्ये ताडोबात हरियाणातील पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून अवघी 10 गिधाडे आणावी लागली. उशिराची किंमत ती हीच.

म्हणून मागणी स्पष्ट आहे: चिमूर परिसरातील मिश्र जंगलाची सागासाठी होणारी तोड थांबवावी, कोणत्याही कुपाला (तोडीसाठी आखलेल्या वनखंडाला) मंजुरी देण्यापूर्वी तेथील मोह, तेंदू, वड-उंबर व त्यांवर जगणारे जीव यांची नोंद ग्रामसभेसमोर वाचावी, आणि लागवडीत तीच झाडे परत आणावीत. जंगलाची ही नाती तुटू दिली, तर वाघांच्या वाढत्या आकड्याला शासनाचे यश म्हणता येणार नाही.