शालेय बुद्धिबळ : पोरगं हरलं, की जोडीच तशी लागली?

बीदर : पावसाळ्यात शालेय क्रीडास्पर्धांची धावपळ सुरू होते. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद भागातल्या मराठी शाळांची पोरंही बुद्धिबळाच्या, म्हणजे इकडच्या भाषेत चदुरंगाच्या पटावर बसतात. डी. गुकेश २०२४ मध्ये जगज्जेता झाला, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला. त्यामुळे हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

स्पर्धा झाली की कोण जिंकलं याची चर्चा होते. कुणाची गाठ कुणाशी आणि कशी घातली, हे फारसं कुणी विचारत नाही. निवड मात्र बऱ्याचदा तिथेच ठरते.

शिडी वेगळी, पहिली पायरी सारखीच

भालकीचा मुलगा तालुका, जिल्हा, कलबुरगी विभाग आणि मग राज्य अशी पायरी चढतो. उदगीरचा त्याचा मामेभाऊ लातूर विभागातून महाराष्ट्राच्या संघाकडे जातो. मातृभाषा कुठलीही असो, शाळा ज्या राज्यात त्या राज्याकडून खेळायचं. दोघांची गाठ पडली तर थेट राष्ट्रीय शालेय स्पर्धेत. पण दोघांनाही आधी तालुक्यातून निघावं लागतं आणि वर जाणारी पोरं मोजकीच असतात.

बाद फेरीचा हिशेब

समजा, तालुक्याला ३२ मुलं आली. चिठ्ठ्या टाकून बाद पद्धतीने, म्हणजे नॉकआउटने खेळवलं, तर पहिल्या डावानंतर १६ जण घरी. सकाळची एसटी पकडून आलेलं पोरगं अर्ध्या तासात मोकळं.

त्याहून मोठा घोळ निवडीचा. सगळ्यांत तगडे दोन खेळाडू चिठ्ठीने एकाच बाजूला आले, तर दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू अंतिम फेरीपर्यंत पोचूच शकत नाही. ३२ जणांत असं होण्याची शक्यता ३१ पैकी १५, म्हणजे जवळपास निम्मी. इंग्लंडमध्ये टेनिसच्या बाद फेऱ्यांबद्दल हीच तक्रार ‘ॲलिस’चा लेखक लुईस कॅरॉलने १८८३ मध्ये मांडली होती. तो मुळात गणिताचा माणूस. बाद फेरीतून एक विजेता मिळतो, पण चौथा-पाचवा कोण ते कळत नाही. आणि संघ निवडायला नेमकं तेच लागतं.

वेळ वाचतो, हा गैरसमज

‘एका दिवसात उरकायचं असतं, म्हणून नॉकआउट,’ हे कारण ऐकायला पटतं. पण ३२ मुलांतून बाद पद्धतीने एक विजेता काढायला पाच फेऱ्या लागतात. स्विस पद्धतीनेही पाचच पुरतात. वर बाद फेरीत डाव बरोबरीत सुटला तर पुन्हा खेळवावा लागतो, तो वेळ वेगळाच. फरक एवढाच की नॉकआउटमध्ये एकूण ३१ निर्णायक डाव होतात, स्विसमध्ये ८०. म्हणजे प्रत्येक पोराला पाच डाव मिळतात. पट तर पहिल्या फेरीला दोन्हीकडे १६ लागतातच.

स्विसमध्ये जोड्या कशा लागतात?

१८९५ मध्ये झुरिचला ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून नाव स्विस. कुणीच बाद होत नाही. आधी क्रमवारी लावतात आणि वरचा अर्धा गट खालच्या अर्ध्याशी भिडतो : पहिला सतराव्याशी, दुसरा अठराव्याशी. पुढे सारखे गुण असलेल्यांची गाठ घालतात. एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही. पांढरी-काळी मोहरी शक्यतो आलटून पालटून मिळतात. संख्या विषम असेल तर खालच्या गुणांच्या एकाला बाय, म्हणजे न खेळता गुण, मिळतो. पण त्याच मुलाला दुसऱ्यांदा बाय नाही.

बरोबरी झाली नाही, तर पाच फेऱ्यांनंतर एकाचे पाच गुण आणि पाच जणांचे चार-चार होतात. त्या पाचांचा क्रम लावायला बुखोल्झ पाहतात, म्हणजे तुझ्याशी खेळलेल्यांच्या गुणांची बेरीज. तगड्यांशी खेळून चार मिळवणारा वर जातो. पहिला डाव हरून पुढचे चारही जिंकणारा मुलगा इथे निवडीत असतो. नॉकआउटमध्ये तो दुपारच्या जेवणाआधीच घरी पोचलेला असतो.

अडचण आहे, पण ती दुसरीच

पीटी सरांची बाजूही पाहिली पाहिजे. एकाच माणसावर कबड्डी, खो-खो, धावणं आणि वर बुद्धिबळ. घड्याळं कमी, पंच नाहीत, प्रत्येक फेरीनंतर जोड्या लावायचं काम डोक्यावर. हे खरं आहे. पण संगणकावर जोड्या काही क्षणांत निघतात, आणि ३२ मुलांसाठी प्रत्येकाचं एक कार्ड केलं तरी भागतं. गुण, रंग, आधीचे प्रतिस्पर्धी कार्डावर लिहायचे आणि गुणांप्रमाणे कार्डं लावायची. प्रत्येकाला १५ मिनिटं दिली तर एक फेरी अर्ध्या तासाची. दहाला बसवलं तर जेवणाची सुट्टी धरूनही शाळा सुटायच्या आत आटोपतं.

तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी प्रवेशिका भरतानाच तीन गोष्टी विचाराव्यात : फेऱ्या किती? पद्धत कुठली? गुण सारखे झाले तर क्रम कसा लावणार? उत्तरं पहिल्या डावाआधी फळ्यावर लिहायला सांगावीत आणि प्रत्येक फेरीच्या जोड्याही भिंतीवर लावायला सांगाव्यात. यादी कन्नडमध्ये असो की मराठीत, आकडे सगळ्यांना वाचता येतात. निकालानंतर भांडण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही.